आक्षेपासह परत

वहिनींचा फोन आला तेव्हा मी डब्याचं झाकण लावत होते. सकाळचे पावणेदहा. सहा दिवस हाच क्रम चालला होता. नेहरू नगरहून डबा घेऊन निघायचं, हॉस्पिटलात वहिनींना बळेच दोन घास खायला लावायचे आणि मग दादाच्या खाटेपाशी बसायचं. "हेमाताई," वहिनी म्हणाल्या, "डबा आणू नका आज. तशाच या." आवाजात रडणं नव्हतं, काहीच नव्हतं. मी "बरं" म्हटलं. बरं काय बरं! पण तोंडातून तेवढंच निघालं. ऑटोवाला खोदलेल्या रस्त्यामुळे वळसा घालून नेत होता आणि मी त्याच्यावर खेकसत होते, "भैया, सीधे क्यों नहीं चलते?" जसं काही पाच मिनिटं उशीर झाला तर काही बिघडणार होतं... बिघडायचं ते बिघडून झालं होतं. भरलेला डबा तसाच ओट्यावर राहिला होता, तो संध्याकाळी शेजारणीनं उचलला.

श्रीकांत माझा थोरला भाऊ. माझ्याहून चार वर्षांनी मोठा, वय सहासष्ट. त्याला जाऊन आता दोन महिने होतील. वर्तमानपत्राच्या पुरवणीसाठी त्याच्यावर लिहायचं ठरलं तेव्हा वाटलं, त्यात काय, चांगल्या चार आठवणी लिहाव्यात आणि शेवटी हात जोडावेत. दोनदा तसं लिहिलं आणि दोन्ही वेळा फाडून टाकलं. कारण एक गोष्ट मध्ये आडवी येते आणि ती बाजूला सारून मला पुढे जाताच येत नाही. दोन वर्षांपूर्वी दादाची एक तपासणी पुन्हा व्हायला हवी होती. ती झाली नाही. आणि ती होऊ नये म्हणून सगळ्यांत मोठ्यानं बोलणारी बाई मी होते. हे आधी सांगून टाकते, म्हणजे पुढचं वाचताना कुणाचा गैरसमज नको.

आमचे बाबा, राजधानी हलली तेव्हा, सरकारी दप्तरांबरोबर नागपूरहून भोपाळला आले आणि आमचं बालपण तुलसी नगरच्या क्वार्टरमध्ये गेलं. उंबऱ्याबाहेर हिंदी, आत मराठी, हा बाबांचा नियम. पण भाषा काय उंबरा बघून थांबते? मी शाळेतून येऊन "मला भूक लागून राहिली" म्हणायचे आणि दादा वहीतून डोकं वर न काढता विचारायचा, "कुठे राहिली? भाड्यानं?" शब्द नेमका हवा, हे त्याचं लहानपणापासूनचं वेड. पुढे तोही बाबांसारखाच सरकारी नोकरीत चिकटला, आणि तिथे त्याच्या वेडाला मान मिळाला. साहेब बदलायचे, खाती बदलायची, पण अवघड पत्राचा मसुदा मात्र "श्रीकांत बाबू से बनवा लो" असाच व्हायचा. फाईलला तो कधी फाईल म्हणाला नाही, नस्ती म्हणायचा. सरकारी मराठीतही तोच शब्द, इकडच्या हिंदीतही तोच, म्हणून त्याला तो फार आवडे. कुणी "अंदाजे" असा शब्द वापरला की त्याच्या कपाळावर आठी चढायची. या नेमकेपणाचं आम्हाला केवढं कौतुक होतं... याच नेमकेपणानं पुढे आमचा घात केला.

अकरा वर्षांपूर्वी एकदा जेवता जेवता त्याच्या छातीत जबरदस्त कळ आली. हातातला घास ताटात पडला, घामानं शर्ट भिजला. कुणालाही वाटेल तेच आम्हाला वाटलं, हृदय! मग ईसीजी झाला, अँजिओग्राफी झाली. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. हृदय ठणठणीत निघालं. तोंडातून दुर्बीण घालून पाहिलं, तेही स्वच्छ. शेवटी कुणीतरी सांगितलं, नागपूरला नळीची तपासणी होते, ती करून घ्या. मी बरोबर गेले, कारण मी इथल्या एका सरकारी दवाखान्यात तीस वर्षं एक्स-रे टेक्निशियन होते आणि घरात डॉक्टरी भाषा कळणारी मी एकटीच. निदान सगळ्यांचा समज तसा होता, आणि माझा तर होताच होता.

ही तपासणी म्हणजे शुद्धीवर असताना नाकातून एक बारीक नळी अन्ननलिकेत उतरवतात आणि घोटघोट पाणी गिळायला लावतात. कुठे किती दाब पडतो ते नळी मोजते. आमचा दादा सोशिक माणूस, पण त्या दिवशी त्यानं माझा हात असा आवळला की बांगडी पिचकली. बाहेर आल्यावर नाक पुसत म्हणाला, "हेमे, काय वाट्टेल ते सांग मला करायला. हे परत नाही." अहवाल आला तो मीच सगळ्यांना समजावून सांगितला. अन्ननलिका म्हणजे नुसता पाइप नव्हे, घास खाली ढकलणारा तो स्नायू असतो. शेवटी, पोटाच्या तोंडाशी, एक झडप असते. घास आला की ती उघडते. दादाची झडप नीट उघडत होती. फक्त खालचा स्नायू मध्येच भलत्या वेळी आवळला जायचा, पेटका आल्यासारखा, म्हणून ती कळ. झडपच उघडेनाशी होते आणि नळी ढकलणं सोडून देते तो मोठा आजार, त्याला अकलेशिया म्हणतात. तो नाही, असं अहवालात स्पष्ट लिहिलं होतं. "अकलेशिया नाही!" हे मी नागपूरच्या आत्यापासून हैदराबादच्या भाच्यापर्यंत सगळ्यांना इतक्यांदा सांगितलं की जणू तो आजार मीच परतवून लावला होता. अर्ध्या हळकुंडानं पिवळी होणं म्हणतात ते हेच. आणि दादानं काय करावं? अहवाल लॅमिनेट करून आणला. एकदा नोंद झाली की झाली, सरकारी माणूस शेवटी.

गोळ्या चालू झाल्या, जेवणाआधी कोमट पाणी चालू झालं. कळ अधूनमधून यायची, जायची. असं करत सात-आठ वर्षं गेली. तो रिटायर झाला, अशोका गार्डनच्या स्वतःच्या घरात राहायला गेला. आणि मग हळूहळू कळ यायचीच बंद झाली. महिना झाला, दोन झाले, सहा झाले, छातीत दुखलं म्हणून नाही. वहिनींनी देवापुढे नारळ वाढवला. माझ्याही मनात आलं, चला, सुटला एकदाचा.

त्याच सुमाराला दादा वहिनींना घेऊन माझ्याकडे एकदा जेवायला आला होता. वरणभाताचे चार घास झाले आणि तो शांतपणे उठून बेसिनकडे गेला. परत येऊन बसला. मी विचारलं, काय रे, काय झालं? म्हणाला, "काही नाही. नस्ती आक्षेपासह परत आली." आम्ही असे हसलो, असे हसलो की वहिनींना ठसका लागला. झालं, तो आमच्या घरातला शब्दच होऊन बसला. "आज आक्षेप किती?" "एकच." "पोळीला आक्षेप, भाताला मंजुरी." हैदराबादहून त्याचा मयूर व्हिडिओ कॉलवर आधी विचारायचा, "बाबा, आज नस्ती पुढे सरकली का?" माणूस गिळलेला घास तोंडावाटे परत काढत होता आणि आम्ही त्यावर कोट्या करत होतो. नाव गोंडस दिलं की दुखण्याची भीतीच मरते.

वजन उतरू लागलं तेव्हा वहिनींनी हट्ट धरला आणि आम्ही तिघं त्यांच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे गेलो. दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. वयस्क, सालस माणूस. त्यांनी विचारलं, "उल्टी होती है?" दादा म्हणाला, "जी नहीं." आणि तो खोटं बोलत नव्हता! उलटी म्हणजे मळमळतं, पोट ढवळून येतं, आंबट पडतं. त्याचं तसं काही होत नव्हतं. भाताची शितं गेली तशी परत यायची, ना आंबट ना कडू. पोटापर्यंत पोचलेलीच नसायची ना ती. उलटी हा शब्द चुकीचा होता आणि चुकीच्या शब्दावर तो सही कशी करणार? बरोबरचा शब्द घरात होता, पण डॉक्टरांना काय सांगणार, "आक्षेप आता है" म्हणून? मी त्याच्या डाव्या बाजूला बसले होते, वहिनी उजव्या. आम्हीही बोललो नाही. आम्हालाही "उल्टी" ऐकून ते आठवलंच नाही, देवाशप्पथ. "दर्द?" "वो तो बिलकुल बंद है, डॉक्टर साहब." हे तर तो अभिमानानं म्हणाला.

तरी त्या भल्या माणसाला काहीतरी खटकलं. वजनाचा आकडा पुन्हा बघून म्हणाले, "वो नली वाली जाँच एक बार फिर करवा लीजिए. पुरानी हो गई." दादाचा चेहरा खर्रकन उतरला. त्यानं माझ्याकडे पाहिलं. लहानपणी बाबा रागावले की मी त्याच्याकडे बघायचे, तसं. आणि मी तोंड उघडलं. "डॉक्टर साहब, उसमें अकलेशिया नहीं निकला था. पक्की रिपोर्ट है हमारे पास." ते म्हणाले, "वो तब की बात है, बहनजी." मला तर रागच आला. तब की म्हणजे? माणसाचा रक्तगट काय दर पाच वर्षांनी बदलतो? मी तीस वर्षांची नोकरी सांगितली, गॅससाठी गोळ्या लिहून घेतल्या आणि आम्ही बाहेर पडलो. दादा इतका खूश झाला होता की कोपऱ्यावर थांबून त्यानं आम्हाला पोहे-जलेबी खायला घातली. "हेमे," म्हणाला, "वाचवलंस मला." अर्धी जलेबी कशीबशी खाल्ली त्यानं. ते "वाचवलंस" माझ्या कानात अजून आहे.

नंतरची दोन वर्षं... कसं सांगू? जेवणाची भीती वाटायला लागली सगळ्यांना. बोलणं रंगात आलेलं असायचं, दादानं घास तोंडात घातला की आपोआप सगळे गप्प. तो पाण्याचा घोट घ्यायचा, मग उभा राहायचा, दोन्ही हात वर ताणायचा, छाती पुढे काढायचा. घास सरकला तर बसायचा. नाही सरकला तर बेसिन. नळ मोठा सोडायचा, आवाज ऐकू जाऊ नये म्हणून. लग्नाकार्याला जाणं त्यानं बंद केलं. पट्ट्याला नवी भोकं पाडली. झोपताना तीन उशा लागायला लागल्या, आडवा झाला की खोकला. आता आक्षेप शब्द कुणी उच्चारत नव्हतं, कुणाला हसूच येत नव्हतं. आणि तरी मी काय म्हणत होते? "तू टेन्शन घेतोस म्हणून होतं हे. पेटका आहे तो, दुसरं काही नाही. मोठा आजार नाही हे ठाऊक आहे ना आपल्याला?" वहिनी एकदोनदा म्हणाल्या, "हेमाताई, ती तपासणी..." मी त्यांना वाक्य पुरं करू दिलं नाही.

यंदा थंडी सरता सरता एके सकाळी वहिनींचा फोन आला. दादाच्या उशीवर हिरवे मटार पडले होते. आदल्या संध्याकाळच्या उसळीतले, आख्खे. संध्याकाळचं अन्न सकाळपर्यंत नळीतच उभं होतं! त्याच दिवशी मी त्याला माझ्या जुन्या डिपार्टमेंटला घेऊन गेले. बेरियम म्हणून एक पांढरं दाट औषध असतं, ते प्यायला देऊन पडद्यावर बघतात. माझ्या हाताखाली शिकलेली मुलगी यंत्रावर होती, मी काचेमागे उभी. पांढरा घोट खाली आला आणि थांबला. दुसरा त्याच्यावर येऊन थांबला. नळी फुगून पिशवीसारखी झाली होती आणि तळाशी एकदम निमुळती, पक्ष्याच्या चोचीसारखी. असली फिल्म मी नोकरीत कितीदा धुतली असेल, त्यावर पेशंटचं नाव चिकटवलं असेल. हा अकलेशिया आहे हे कळायला मला एक सेकंद लागला. त्या मुलीनं माझ्याकडे पाहिलं आणि पटकन मान खाली घातली. दादा ओठांवरचं पांढरं पुसत बाहेर आला. "काय हेमे, मंजूर?" मी म्हटलं, "बघू."

फिल्म घेऊन गेलो ती पोटाच्या विकारांची तरुण डॉक्टरीण होती. तिनं प्रश्नच वेगळा विचारला. "अंकल, खाना वापस मुँह में आता है?" दादा म्हणाला, "जी, वो तो रोज़." तिनं पेन खाली ठेवलं. "कब से?" "तीन साल." "तो किसी को बताया क्यों नहीं?" दादा खरोखर गोंधळला. "उल्टी का पूछा था," तो म्हणाला, "ये किसी ने पूछा ही नहीं." मग त्यानं पिशवीतून तो लॅमिनेट केलेला अहवाल काढून तिच्यापुढे ठेवला. मला वाटलं, आता ही नागपूरवाल्यांना चार शब्द सुनावेल, म्हणजे माझा भार हलका होईल. पण तिनं तो नीट वाचला, दोन्ही बाजूंनी. "रिपोर्ट ग़लत नहीं है," ती म्हणाली. "उस दिन का सच है. कुछ लोगों में ये बीमारी बरसों में रूप बदल लेती है. इसलिए दोबारा देखना पड़ता है." वहिनी हळूच म्हणाल्या, "पर इनका दर्द तो चला गया था..." "आंटी, दर्द इसलिए गया कि नली ने ज़ोर लगाना ही छोड़ दिया." वहिनी आपल्या पदराचं टोक बघत बसल्या. ज्या गोष्टीसाठी त्यांनी नारळ वाढवला होता ती ही होती.

नळीची तपासणी पुन्हा झाली. ज्या तपासणीला घाबरून आम्ही दोन वर्षं दवडली ती अर्ध्या तासात उरकली, आणि या वेळी दादा चकार शब्द बोलला नाही. निदान पक्कं झालं. उपायही होता, म्हणजे बघा! दुर्बिणीतून आतल्या आत झडपेचा स्नायू कापायचा, वाट मोकळी करायची. कितीतरी माणसं त्यानंतर नीट जेवतात, डॉक्टरीण म्हणाली. फक्त आधी खोकला आटोक्यात यायला हवा, नळी रिकामी व्हायला हवी. दहा दिवस पातळ खाणं, औषधं, मग तारीख. दहाच दिवस. मी भिंतीवरच्या कालनिर्णयावर रोज एक फुली मारत होते. सकाळ-संध्याकाळ फोन. ताप आहे का? खोकला किती? काय प्यायला? चार दिवस सगळं सुरळीत गेलं.

पाचव्या दिवशी पाडवा होता. वहिनींनी नैवेद्यापुरत्या चार पुऱ्या तळल्या, श्रीखंड केलं. दादासाठी मुगाचं पाणी आणि ताक. तो टेबलाशी बसला होता, गुढीचा वास, तळणीचा वास... वर्षानुवर्षं श्रीखंड-पुरीवर ताव मारणारा माणूस. त्यानं वाटीकडे पाहिलं. वहिनींचा जीव गलबलला. चमचाभर श्रीखंड दिलं, ते गेलं. मग नखाएवढा पुरीचा तुकडा श्रीखंडात बुडवून त्या म्हणाल्या, "सणाचा एक घास. माझ्या हातचा." आपल्याकडे याला नाही म्हणायची रीत नाही, आणि दादा तर त्यांना कधीच नाही म्हणत नसे. मी समोर बसले होते. मीही "नको" म्हटलं नाही. त्यानं घास घेतला, डोळे मिटले. मग ठसका. साधा नाही, श्वास कोंडणारा. पाठीवर मारलं, पुढे वाकवलं, नळीत साचलेलं सगळं भसाभस बाहेर आलं. पाच मिनिटांनी तो शांत झाला आणि घामेजल्या चेहऱ्यानं वहिनींनाच म्हणाला, "अगं, घाबरू नकोस. चांगलं झालं होतं श्रीखंड." दुसऱ्या दिवशी ताप भरला. तिसऱ्या दिवशी हॉस्पिटल, न्यूमोनिया. आणि सहा दिवसांनी तो फोन.

शेवटून दुसऱ्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी मला कॉरिडॉरमध्ये गाठलं होतं. वहिनी आत होत्या. छातीचा एक्स-रे त्यांनी उजेडाकडे धरला, मला काही समजावून सांगायची गरज नव्हती. दोन्ही फुप्फुसांत डाग, आणि सगळे ताजे नाहीत. "वो एक कौर नहीं था," पुरीच्या घासाबद्दल त्या म्हणाल्या. "महीनों से थोड़ा-थोड़ा फेफड़ों में जा रहा था. लेटते थे तब." मी विचारलं, दोन वर्षांपूर्वी तपासणी झाली असती तर? एक्स-रे पाकिटात सरकवत त्या म्हणाल्या, "तब दिख जाता."

हे मी कुणाला सांगितलं नाही. तेराव्याला घर माणसांनी भरलं. नागपूरहून आलेल्या बायका कुजबुजत होत्या, आणि कुजबुज कसली, चांगली ऐकू येत होती. "घास अडकला म्हणे." "डॉक्टरांनी नको सांगितलं होतं, हिनं आग्रह केला." "पाडव्याच्या दिवशी, बघा ना." वहिनी तिथेच भिंतीला टेकून बसल्या होत्या. एकदा एकीनं मलाच विचारलं, "खरं का गं, पुरी दिली?" मी म्हटलं, "जाऊ द्या ना, आत्या." जाऊ द्या! मला तिथल्या तिथे उभं राहून सांगता आलं असतं की पुरीनं नाही गेला तो. पण मग कशानं गेला, हेही सांगावं लागलं असतं. मी गप्प बसले. रोज संध्याकाळी अशोका गार्डनला जायचे, वहिनींजवळ बसायचे, त्यांचा हात हातात घ्यायचे आणि गप्प बसायचे. लाज वाटते लिहिताना.

पाच आठवडे झाल्यावर एका दुपारी कूलरसमोर आम्ही दोघी कैऱ्या किसत बसलो होतो. घरामागच्या रुळांवरून मालगाडी गेली, ती जाईपर्यंत वहिनी थांबल्या. मग एकदम म्हणाल्या, "मी मयूरला सांगून ठेवलंय. या घरात पाडव्याला पुन्हा पुरी तळायची नाही. मी असेपर्यंत तरी नाही." मी किसणी खाली ठेवली. "वहिनी," मी म्हटलं, "पुरीनं नाही झालं ते." आणि मग सगळं सांगितलं. फुप्फुसातले जुने डाग, कॉरिडॉर, "तब दिख जाता" आणि दोन वर्षांपूर्वी डॉक्टरांपुढे मी केलेली शहाणपणाची बडबड. त्या तिथे होत्याच, पण त्यांना कळलं नव्हतं की निसटलं ते त्या दिवशी निसटलं.

वहिनींनी सगळं ऐकून घेतलं. "तेव्हा केली असती तर वाचले असते?" मी म्हटलं, "बहुतेक." "बहुतेक म्हणजे?" दादाच विचारतोय असं वाटलं मला. मी म्हटलं, "म्हणजे हो."

त्या उठून आत गेल्या. नळाचा आवाज आला, बराच वेळ आला. मी पर्स काखेला लावून उभी राहिले, बसले, पुन्हा उभी राहिले. त्या बाहेर आल्या तेव्हा तोंड धुतलेलं होतं. "दोन वर्षांपूर्वीचं मी सोडून देईन, हेमाताई," त्या म्हणाल्या. "तुम्हाला उमगलं नाही, मलाही उमगलं नाही, त्यांना तर ती नळी नकोच होती. पण हे पाच आठवडे? पाच आठवडे मी जेवायला बसले की स्वतःच्या हाताकडे बघतेय. या हातानं मारलं म्हणून. आणि तुम्हाला ठाऊक होतं. माझ्या शेजारी बसून ठाऊक होतं." मी चपला घातल्या. दारापर्यंत गेले तशी त्यांची हाक आली. "रविवारी जेवायला या." मी वळले. त्यांच्या चेहऱ्यावर मायेचं काही नव्हतं. "राग आहे माझा. तो राहील. पण मला एकटीला घास उतरत नाही."

गेले तीन रविवार मी जाते आहे. वहिनी वाढतात, मीठ-लोणचं विचारतात, बाकी बोलत नाहीत. पानात साधंच असतं, वरणभात, एखादी भाजी. तरी आम्हा दोघींना जेवायला पाऊण तास लागतो. दादाबरोबर बसून बसून सगळ्या घरालाच हळू जेवायची सवय लागली होती, त्याला एकट्याला मागे राहिल्यासारखं वाटू नये म्हणून. आता कुणासाठी थांबायचं नसतं. तरी वहिनी घास घेतात, थांबतात, आणि मग मी माझा घेते.